रेशमाचे तंतू

लग्नाआधी तिची निसर्गचित्रं प्रदर्शनात लागायची. आता ती एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत कृत्रिम डोळे रंगवायची. काम बरं होतं, पण घरी तिने कित्येक दिवसांत ब्रश हातात धरला नव्हता. "मूडच लागत नाही," ती म्हणायची आणि नवरा शहाण्यासारखा विषय बदलायचा.

एके सकाळी एक शिंपीणकाकू आल्या. त्यांचा एक डोळा आजारपणात गेला होता. दुसरा न्याहाळत तिने नवा डोळा रंगवला, अगदी टवटवीत. तो बसवून काकूंनी आरशात पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"अगं, हा तर माझ्या सुनेचा वाटतो! माझा डोळा सुईत दोरा ओवून ओवून थकलाय. यालाही जरा काम केल्यासारखं दिसू दे."

तिने खुर्ची पुढे ओढली. पांढऱ्यात किंचित पिवळा मिसळला, बुबुळाभोवती राखाडी कड दिली. पांढऱ्यावर बारीक शिरांसारखे तंतू चिकटवायला लाल रेशमाचा दोरा घेतला, तर काकूंनी तो ओढूनच घेतला. "आण इकडे. तंतू सोडवणं माझं काम."

जेवणाची वेळ टळून गेली, तरी दोघींना पत्ता नाही. मूड आहे की नाही, हे स्वतःला विचारायलाही तिला सवड मिळाली नाही.

संध्याकाळी घरी तिने कोरा कागद लावला आणि नवऱ्याला खिडकीपाशी बसवलं.

"दाढी तरी करून येतो."

"काही नको. हलू नकोस."

आणि त्याच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांपासून तिने सुरुवात केली.