खिडकीकाकूंचा फिल्म महोत्सव

बेटावर बोटीच्या तिकिटांची एकच खिडकी आहे आणि तिच्यामागे गेली सव्वीस वर्षं एकच बाई बसते. सगळे तिला खिडकीकाकू म्हणतात. नवरा त्याच बोटीवर इंजिनाचा मिस्त्री. "लोकांना चढवायचं काम बायकोचं आणि ढकलत न्यायचं काम नवऱ्याचं," असं काकूंची धाकटी जाऊ म्हणते. ही जाऊ गेस्टहाउसमध्ये चादरी धुते आणि तिची जीभ तिच्या इस्त्रीपेक्षा गरम आहे.

आता बेटावर दरवर्षी डिजिटल फिल्म महोत्सव भरतो. बाहेरून पाहुणे येतात, गळ्यात ओळखपत्रं लटकवून फिरतात आणि विचारतात, "ही कल्पना कुणाला सुचली?" काकू खरं तेच सांगतात. "सुचली कुणालाच नाही. वारा सुटला होता."

वारा सुटला की बोट बंद. त्या वर्षी ती सलग चार दिवस बंद होती. तरी लोक रोज प्रतीक्षागृहात येऊन बसत, कारण घरी बसण्यापेक्षा इथे बसलं की निदान निघाल्यासारखं तरी वाटतं. बसून करणार काय? एकमेकांना मोबाइलवर काढलेले व्हिडिओ दाखवत. वीतभर पडद्यावर सहा-सहा डोकी. "सरक की जरा!" "आधी तुझं डोकं काढ!" दुसऱ्या दिवशी काकूंना तो कालवा असह्य झाला. त्यांनी शाळेतून प्रोजेक्टर आणवला, बाकं फिरवून पांढऱ्या भिंतीकडे केली आणि जुन्या तिकिटांचा गठ्ठा काढून एकेकाच्या हातात नंबर दिला.

"ज्याचा नंबर त्याचा व्हिडिओ. मध्ये घुसलात तर बोट सुरू झाल्यावर तिकीट मिळणार नाही."

जाऊचा नंबर अकरावा. एकटीने डबल चादरीची घडी कशी घालायची, एवढंच तिने दाखवलं होतं. मधली कड हनुवटीखाली दाबून, दोन्ही हात ताणून, मग एक झटका. साडेतीन मिनिटं कुणी हूं की चूं केलं नाही, आणि कडेला कड लागली तेव्हा प्रतीक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. शाळेचे मास्तर म्हणाले, "हे आपण रीतसर करू या." दिवस ठरला, रविवार. वेळ ठरली, बाराची बोट धक्क्याला लागल्यावर आणि तीनला ती पुन्हा सुटायच्या आत. दारावर कागद लागला: चौदा फिल्म, सगळ्या मोबाइलवर काढलेल्या. शेवटची काकूंची, नाव 'मिस्त्री'.

इंजिनावर नुसता तळहात ठेवून मिस्त्री बिघाड ओळखतात, ही त्यांची बेटभर ख्याती. काकूंनी इंजिनखोलीत अंग चोरून बसून त्या हाताचीच फिल्म काढली होती. मोबाइलवर ती त्यांनी वीस वेळा तरी पाहिली असेल.

शनिवारी दुपारी पडदे ओढून दोघी जावा तालीम घ्यायला बसल्या. मिस्त्रींचा हात भिंतीवर सुपाएवढा दिसला, तशा काकू हरखल्या. पुढे मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. मोबाइलवर ज्या कडेला नुसता काळोख दिसे, तिथे आता तेलवाला दिसू लागला. तेलवाला म्हणजे बोटीवर यंत्रांना तेल घालणारा, मिस्त्रींच्याच वयाचा माणूस. त्याच्या हातून मोठा पाना सुटून लोखंडी जिन्यावर आदळला. स्पीकरमधून असा खणकन आवाज आला की जाऊ बाकावरून उडाली. भिंतीवरच्या मिस्त्रींची पापणीसुद्धा हलली नाही. तेलवाल्याने दोनदा हाक मारली. मग जवळ येऊन खांद्याला हात लावला, तेव्हा कुठे ते वळले.

"मागे घे गं," काकू म्हणाल्या. तीनदा पाहिलं.

"ताई, भावोजींना ऐकू..."

"कळलं मला."

फिल्म काढताना काकू तिथेच होत्या. पण त्यांचं सगळं लक्ष हातावर, आणि नवरा हाकेला ओ देत नाही यात त्यांना नवल ते काय वाटणार! घरी टीव्ही मोठा व्हायचा, भाजी काय आणू विचारलं की "हो" असं उत्तर यायचं. काकू भांडून मोकळ्या व्हायच्या. बायकोचं ऐकू येत नाही म्हणून नवऱ्याला कुणी डॉक्टरकडे नेतं का?

पण बोटीचा नियम साफ होता. वरून कप्तानाने दिलेली हाक खाली ऐकू गेली पाहिजे. कान गेले की इंजिनखोली गेली. आणि उद्या पहिल्या बाकावर कप्तानच बसणार होता.

"यादीतून काढून टाका," जाऊ कुजबुजली. "फाइल उडाली म्हणायचं."

"आणि एखाद्या दिवशी वरून 'थांबव' म्हणून ओरडले आणि यांना कळलं नाही तर? ती माणसं मीच तिकीट देऊन चढवते गं."

संध्याकाळी बोट लागल्यावर काकूंनी नवऱ्याला बाकावर बसवलं आणि फिल्म लावली. मिस्त्रींनी ती दोनदा पाहिली.

"कधीपासून?" काकूंनी मोठ्याने विचारलं.

"दीड वर्ष झालं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू बोलायची थांबली असतीस तर सांगितलं असतं."

काकूंना हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. पदराने ते पुसून त्या म्हणाल्या, "फिल्म तुमची आहे. नको म्हणालात तर आत्ता इथे पुसते. पण कप्तानाला सांगायचं ते तुम्हीच सांगायचं." ज्याच्यावर फिल्म आहे त्याने ती आधी या भिंतीवर बघून हो म्हटलं पाहिजे, हा आजच्या महोत्सवाच्या अर्जातला पहिला नियम त्या संध्याकाळी त्या बाकावर ठरला. शहरातले दिग्दर्शक त्यावर नाक मुरडतात. काकू अर्ज परत पाठवतात.

 मिस्त्री उठून बोटीवर कप्तानाकडे गेले.

कप्तान त्यांना म्हणाला, "मिस्त्री, तीन महिने झाले, मी हाक मारायचं सोडून पाय आपटतोय. पण आता तुम्ही तोंडाने सांगितलंत, मला ऑफिसला कळवावं लागेल." सोमवारपासून, कान तपासून होईपर्यंत, धक्क्यावरच्या वर्कशॉपमध्ये काम. पुढे तपासणी झाली आणि तेच कायम झालं. मिस्त्री पुन्हा बोटीवर गेले नाहीत.

पण रविवारची फिल्म त्यांनी अख्खी दाखवायला लावली. पाना पडला तसं सगळं प्रतीक्षागृह दचकलं, आणि भिंतीवरचा माणूस दचकला नाही हे हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं. फिल्म संपली. मागून तेलवाला पुढे आला आणि खाली बघत पुटपुटला, "मिस्त्री, मला वाटायचं तुम्ही माझ्यावर चिडलाय. म्हणून ओ देत नाही."

मिस्त्रींनी काकूंकडे पाहिलं. काकू त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांना ओठ दिसतील असं, एकेक शब्द सुटा करून, त्याचं बोलणं सांगितलं.

"चिडलो होतो," मिस्त्री तेलवाल्याला म्हणाले. "तुझ्यावर नाही."