शेवटचे दोन किलोमीटर

वडिलांना कुठे न्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न बाथरूमचा. दर पाऊण तासाला गाडी थांबवावी लागते, आणि त्याचा त्यांना इतका संकोच वाटतो की ते आदल्या दिवसापासूनच पाणी पिणं तोडतात. म्हणून ते पुण्याहून बंगळुरूला आले तेव्हा मी कॅरव्हॅन भाड्याने घेतली. मिनीबसएवढी गाडी, आत पलंग, छोटा ओटा आणि संडास. बेलूर, हळेबीड, श्रवणबेळगोळ, असे तीन दिवस.

गाडीबरोबर ड्रायव्हर आले, साठीच्या घरातले, पांढऱ्या गणवेशातले. राहायला जे. पी. नगर, घरात मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या पाण्यात मुरलेली. मी त्यांना अण्णा म्हणू लागलो. वडिलांनी तीस वर्षं एसटी चालवली. या दोघांची भेट झाल्यावर देवळं राहिली बाजूला, घाट आणि ब्रेक यांच्याच गप्पा. गाडी हलवण्याआधी अण्णा दर वेळी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारत, आणि दुसऱ्या दिवसापासून वडीलही त्यांच्यामागून फेरी मारू लागले. आम्ही पट्टे बांधल्याशिवाय अण्णा किल्ली फिरवत नसत. "याला म्हणतात ड्रायव्हर," वडील मला म्हणाले.

ते मला झोंबलं. वडिलांनी मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. लायसन्स मी कॉलेजात असताना एजंटकडून काढलं. टेस्टच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता आणि त्यावर शिकवणाऱ्याचा पाय होता. मी फक्त चाक धरून बसलो होतो. पण कार्ड मिळालं ते मिळालंच, आणि एवढ्या वजनाची गाडी त्या कार्डावर चालते हे मी मोबाइलवर वाचून ठेवलं होतं. अर्धवट वाचून शहाणा झालेला माणूस फार धोकादायक असतो.

परतताना सर्जापूर रोडला लागलो, घर दोन किलोमीटरवर होतं. पडद्यापलीकडे वडील सीटवर पट्टा बांधून डुलक्या घेत होते. मी अण्णांना म्हणालो, "एवढंच मी चालवतो. गेटात शिरताना बाबांना उठवीन."

"नको हो साहेब. गिऱ्हाईकाच्या हातात गाडी दिलेली कळली तर मला काढतील. या वयात दुसरं काम कोण देणार?"

"कोण सांगणार? लायसन्स आहे माझ्याकडे."

मी मागेच लागलो. अण्णा भिडस्त माणूस. शेवटी "सरी, चालवा" म्हणाले आणि शेजारी बसले. "एवढं लक्षात ठेवा. तोंड उजवीकडं वळलं की शेपूट डावीकडं मारतं. आरशात बघून, स्वल्प स्वल्प वळवा."

दोन किलोमीटर मी मजेत चालवली. गेटसमोर उजवीकडे वळायला थांबलो. वडिलांना हाक मारण्याच्या घाईत मी आरशाकडे न बघता चाक एकदम फिरवलं. अण्णा ओरडले आणि मागून धप्प आवाज आला. डाव्या बाजूला स्कूटरवर थांबलेली एक बाई खाली पडली होती.

मी सुन्न होऊन बसलो. अण्णा उडी मारून उतरले, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि हळूच म्हणाले, "उतरा. मागं व्हा. काही बोलू नका." मी उतरलो, मागे झालो. लोक जमले ते थेट गणवेशाकडे धावले. हाफपँटमधल्या साहेबाला कुणी विचारलंच नाही. अण्णा हात जोडून कन्नडमध्ये माफी मागत राहिले. बाईचं मनगट मोडलं होतं. आम्ही तिला दवाखान्यात नेलं आणि तिच्या मोठेपणामुळे प्रकरण पुढे गेलं नाही.

गाडी अण्णाच चालवत होते असं धरून चाललेल्या वडिलांच्या मनाला मात्र ते फार लागलं. "शेपूट मारणं ही शिकाऊची चूक," ते म्हणाले. "एवढी वर्षं चालवलेल्याकडून होते म्हणजे त्याचा हात गेला." निरोप घ्यायला आलेल्या अण्णांना त्यांनी तोंडावर सांगितलं, "आता घरी बसा. कुणाचा तरी जीव घ्याल." अण्णांनी मान खाली घातली. मी शेजारीच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी कॅरव्हॅनवाल्यांचा फोन आला. ड्रायव्हर सांगतो त्याची चूक झाली, तुमचं काय मत? वडील समोर चहा पीत होते, माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं." अण्णांनी गप्प राहायला सांगितलं होतं, ही सबब तोवर माझ्याजवळ होती. हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं.

महिन्याने अण्णांचा फोन आला. मी घाबरतच उचलला. तक्रार नव्हतीच. "साहेब, तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला ड्रायव्हर लागतो का? छोटी गाडी असली तरी चालेल."

त्यांचं नाव साफ करायला मी कॅरव्हॅनवाल्यांना सगळं कळवलं. ते म्हणाले, मग तर गिऱ्हाईकाला गाडी दिली म्हणून काढावंच लागलं असतं. अण्णांनी हे केव्हाच ओळखलं होतं. मग मी पुण्याला परतलेल्या वडिलांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "त्याचा पत्ता दे."

दोन दिवसांनी ते आले, पाणी तोडून, साध्या बसने. मी त्यांना माझ्या कारने जे. पी. नगरला नेलं. अण्णांच्या घराखाली मी चपला काढू लागलो तर वडील म्हणाले, "तू खालीच थांब." मी जिन्याशी थांबलो. वरून वडिलांचा आवाज आला, "दादा, मी तुम्हाला नको ते बोललो." अण्णांनी आत कुणाला तरी कॉफी ठेवायला सांगितली. पुढचं मला ऐकू आलं नाही. तिथे उभं राहण्याची मला लाज वाटत होती आणि निघून जाण्याचीही.

अर्ध्या तासाने वडील खाली आले. मी पुढे होऊन माझ्या कारचं दार उघडून धरलं. त्यांनी ते पाहिलं, रस्त्यावर जाऊन रिक्षाला हात केला आणि म्हणाले, "तू हो पुढे."