बाईंचा झिपऱ्या

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि त्याचं श्रेय कंगवाबाईंचं. नायगावच्या शाळेत त्या आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. हजेरीच्या आधी त्या पोरांची डोकी तपासत आणि खडूच्या खोक्यातून कंगवा काढत, म्हणून हे नाव पडलेलं. रानातून थेट वर्गात येणारा मी त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक. "झिपऱ्या, ये इकडे," म्हणायच्या आणि ओल्या हातानं माझा भांग पाडायच्या. मान हलली की कंगव्याचा टोला.

निवृत्त झाल्यावर बाई लातूरला स्वतःच्या घरी राहायला गेल्या. माझी बारावी झाली तेव्हा त्यांनीच बाबांना निरोप धाडला, "पोराला माझ्याकडे पाठवा. शेत कुठं पळून जात नाही." पदवी होईपर्यंत मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत राहिलो. परीक्षेला निघताना त्या दारात अडवून भांग बघायच्या. "उत्तर चुकलं तर चुकू दे. पण बाकावर माणूस बसलाय असं तर वाटू दे!" मला झिपऱ्या म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

पुढे नांदेडला नोकरी लागली, लग्न झालं, जाणं कमी झालं. एका दिवाळीनंतर फराळाचा डबा घेऊन गेलो. फाटक उघडतो तोच ओट्यावरून आवाज आला, "झिपऱ्या, हलू नको!"

मी जागच्या जागी थांबलो. "नाही हलत, बाई."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांच्या मांडीवर लांब केसांचं एक पांढरं, बुटकं कुत्रं बसलं होतं. पाठीवर मधोमध भांग, कपाळावरच्या केसांना लाल रबर. हसता हसता बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुला नाही रे, याला म्हणून राहिले!" मीही हसलो. पण माझं नाव गेलं होतं.

ते ल्हासा जातीचं कुत्रं बाईंच्या मुलीनं त्यांना सोबत म्हणून हैदराबादहून आणून दिलं होतं. वर्गाला पुरायची ती सगळी शिस्त आता त्या एकट्याच्या वाट्याला. लातूरला नळाचा भरवसा नाही, म्हणून त्याची अंघोळ क्वचित, पण विंचरणं रोज. कानामागे, काखेत केसांच्या गाठी व्हायच्या. बाई त्यावर मक्याचं पीठ चोळत आणि बोटांनी गाठ टोकाकडून हळूहळू मोकळी करत. माझ्या गुंत्याच्या वेळी इतका धीर त्यांना नव्हता, हे मला स्वच्छ आठवत होतं.

उन्हाळ्यात शेजारी म्हणायचे, "बाई, लई तापतंय, सरसकट मशीन फिरवा." बाई भडकायच्या. "उन्हाळा आला म्हणून तुमच्या घरावरचे पत्रे काढू का? ते केस म्हणजे त्याची सावली आहे." बोथट टोकाची कात्री फक्त डोळ्यांपुढे, पंजांच्या खाली आणि शेपटीजवळ चालायची.

कुत्रं आल्यापासून मी जास्त जाऊ लागलो. एकदा मुद्दाम पेढे घेऊन गेलो.

"बाई, मला बढती मिळाली."

"वा! जरा याचा डावा पंजा धर."

मी धरला. बाईंनी पंजाखालचे केस कापले, फुंकर मारली आणि मग माझ्याकडे पाहिलं. "तोंड का पाडलंस? कुत्र्यावर जळून राहिलास का रे?"

"नाही, बाई."

"हाव, दिसतंय की! अरे, तुझं डोकं बघायला आता बायको आहे. याला कोण आहे?"

मी त्याचा उजवा पंजा पुढे केला. पण पटलं नाही.

मागच्या वर्षी बाईंचे हात थरथरू लागले. एके दिवशी कात्री त्याच्या डोळ्याजवळ गेली. बाईंनी ती खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. मुलगी त्यांना न्यायला आली. तिच्या बाळाला कुत्र्याच्या केसांनी दम लागायचा, म्हणून बाईंनी कुत्रं माझ्या हवाली केलं. "दुसऱ्या कुणाला देऊ?" म्हणाल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून त्याच्या कपाळावरून हात फिरवला. त्याला उचलून धरलेला मी खिडकीशी वाकून उभा होतो. माझ्याही कपाळापर्यंत हात पोचला असता. गाडी निघाली.

फोनवर मनातलं बोलायला मला जमत नाही. म्हणून नंतर हे पत्र पाठवलं:

"आदरणीय बाई, साष्टांग नमस्कार.

कुत्रं मजेत आहे. रोज विंचरतो, मशीन लावलेलं नाही. तुमच्या हाताखाली गप्प बसायचा, माझ्या हाताखाली बसत नाही. मला त्याचा राग येत नाही असं नाही. 'झिपऱ्या' म्हटलं तर तो येत नाही, आणि ती हाक मारताना माझीही जीभ अडते. बायको म्हणते, दुसरं नाव ठेवू. पण तुम्ही ठेवलेलं नाव बदलणारे आम्ही कोण?

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही 'झिपऱ्या, जेवलास का?' असं विचारलंत. तो खुर्चीवर चढला, मीही पुढे सरकलो, आणि तेवढ्यात रेंज गेली. कुणाला विचारलंत ते कळवावं. तो जेवला आहे."