जिभाऊंची बाटली

जिभाऊंना थुंकता येत नसे. सुरतेच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडमध्ये बारा बारा तास काढणाऱ्या माणसाला थुंकता येऊ नये, हे केवढं नवल आहे ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. आमच्या शेडमध्ये ज्याच्या त्याच्या गालात गुटख्याचा तोबरा. जिन्याचे कोपरे, मोरी, बटणांच्या पाटीखालची भिंत, देवाच्या तसबिरीखालची जागासुद्धा लाल. बोलायला तोंड उघडण्याआधी माणूस पचकन बाजूला थुंकणार आणि मग "हा, बोलो" म्हणणार. त्या सगळ्यांत हा एक माणूस कोरड्या तोंडाने लूममधून फिरत असे. "आते थुकाले बी थुकी नई ऱ्हायनी, भो," असं ते म्हणायचे आणि हसायचे. हसताना तोंडाची फक्त उजवी बाजू हलायची.

कधीकाळी तेही त्यातलेच होते. वीस वर्षं गुटखा खाल्ला. मग डाव्या गालात फोड आला, फोडाची गाठ झाली आणि डॉक्टरांनी गालासकट अर्धा जबडा काढला. मांडीचं मांस काढून गालाला लावलं. वर रेडिएशनचे शेक दिले, त्यात तोंडातली लाळ आटली. जी उरली ती डिंकासारखी चिकट. मांडीच्या कातडीचे केस गालावर उगवत, ते जिभाऊ दर आठवड्याला काढून घेत आणि न्हाव्याला सांगत, "दाढी नई रे, मांडी कर." न्हाव्याला हसावं की काय करावं ते कळत नसे. मी मात्र तेवढ्यात बाहेर जाऊन उभा राही.

मी मूळचा परभणीकडचा. त्या शेडमध्ये कापड तपासायला होतो. विणून आलेला ताका, म्हणजे कापडाचं ठाण, उजेडावर धरायचा आणि खोट शोधायची, हे माझं काम. दिवसभर खोटी शोधणाऱ्या माणसाला घरीदारी दुसरं काही दिसत नाही. खाडीचा वास, रस्त्यावर वाहणारं रंगाचं पाणी, चहावाल्याच्या बादलीत बुचकळून निघणारे ग्लास, सगळ्याची मला शिसारी येई. बायको म्हणायची, "तुम्हाला देवाने नाक जरा जास्तच दिलंय."

जिभाऊ हे काही त्यांचं नाव नव्हे. खानदेशात मोठ्या भावाला मानाने जिभाऊ म्हणतात आणि शेडमध्ये खानदेशी माणसं जास्त, म्हणून मालकापासून सगळे त्यांना तेच म्हणत. आजारपणाआधी ते पळायचे. पळायचे म्हणजे सकाळी बागेत चार फेऱ्या मारणाऱ्यांसारखे नव्हे. रविवारी पहाटे नवागाम वस्तीतल्या खोलीतून निघायचे, सचिन गावापर्यंत जायचे आणि पळतच परत यायचे. कुणी शिकवलं नव्हतं. "लूममा दिनभर चालतसच ना, तेच जरा जोरमा," एवढंच ते सांगत. बेचाळीस किलोमीटरची शर्यत त्यांनी दोनदा पुरी केली होती आणि दोन्ही पदकं घरात गणपतीच्या गळ्यात घातली होती.

आजारातून उठून कामावर आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट मला सांगितली ती ही, की परत बेचाळीस पळायचंय. मी म्हटलं, "जिभाऊ, जीव वाचला तेवढं पुरे नाही का?" त्यांनी चालू लूमकडे बोट केलं. "धागा तुटना तर तू काय करस? लूम भंगारमा देस? थांबाड, गाठ मार, चालू कर." नेमका त्याच वेळी त्या लूमचा धागा तुटला. त्यांनी लूम थांबवला, गाठ मारली आणि पुन्हा चालू केला.

अडचण एकच होती, पाण्याची. लाळ नसल्यामुळे पळताना दर दोन-चार मिनिटांनी घोट लागायचा, नाहीतर जीभ टाळूला चिकटे. वरून पाणी ओतलं तर घशात जाऊन ठसका बसे, कारण ओठ नीट मिटत नव्हते. म्हणून त्यांनी बाटलीच्या झाकणाला भोक पाडून सलाईनच्या नळीचा तुकडा बसवला होता. ती नळी उजव्या कोपऱ्यात धरून ते चोखत. आपल्याकडे चारचौघांत बाटलीला तोंड लावणं म्हणजे गुन्हाच. पाणी प्यावं ते वरून. शेडमधल्यांनी मग ठरवूनच टाकलं की हा रोग उष्ट्यातून लागतो. जिभाऊंचा पेला वेगळ्या खिळ्याला टांगला. गुटख्याची पुडी एकमेकांच्या हातातून घेऊन खाणारे हे लोक! त्यांचा मला इतका तिटकारा आला की मी सगळ्यांसमोर म्हणालो, "जिभाऊ, रविवारी तुमच्याबरोबर सायकलवर मी येतो. पाणी मी धरीन."

वर्षभर गेलो. ते पुढे, मी मागे. गोडादऱ्याच्या वस्तीच्या बाजूने निघून मोकळा रस्ता लागेपर्यंत नाकाला रुमाल. हात मागे आला की बाटली द्यायची, दोन घोट झाले की परत घ्यायची. बाटलीला नेहमी ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळलेली असे. पाणी गार राहावं म्हणून आपण गुंडाळतो तशी. ती चिंधी माझ्या फार सोयीची होती. कारण बाटली परत येताना नळीपासून त्यांच्या ओठापर्यंत चिकट लाळेचा एक धागा ताणला जाई आणि तुटून बाटलीवर पडे. मी तेवढ्या वेळ दुसरीकडे बघे आणि चिंधीला धरून बाटली घेई. शेडमधल्यांना अडाणी म्हणणारा मी, घरी गेल्यावर दोन वेळा साबणाने हात धूत होतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

शर्यतीचा दिवस आला. काय तो थाट! जिकडे तिकडे एका वेलचीच्या पुडीचे फलक. त्याच कंपनीचा गुटखा जिभाऊंनी वीस वर्षं खाल्लेला. आयोजकांपैकी एक गुळगुळीत माणूस हातात पिवळा टी-शर्ट घेऊन आला. छातीवर 'कॅन्सर योद्धा' आणि पाठीवर वेलची. म्हणाला, "अंकल, बस पाँच मिनट स्टेज पे. फिर आराम से दौड़ना." मला त्याच्या त्या चोपडलेल्या गोड आवाजाचीच ओकारी आली. जिभाऊंनी टी-शर्टची पाठ बघितली, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "मी पयाले येल शे, फोटो काढाले नई." सायकल बरोबर नेण्याची परवानगी मात्र आधीच मिळाली होती, ती आयोजकांना काढून घेता येईना.

सहा तासांत पोचायचं होतं. पस्तीस किलोमीटरपर्यंत जिभाऊ घड्याळाच्या पुढे होते. थांबायचे, घोट घ्यायचे, निघायचे. वाटेत लोक मोबाइल उगारून "अंकल, स्माइल" म्हणत. पायाखाली पाण्याच्या फुटलेल्या पिशव्यांचा चिखल. मग तापीचा पूल लागला. ऊन चढलेलं. बाटली परत घेताना भिजून सैल झालेली चिंधी सुटली आणि माझ्या हातात उघडी बाटली आली, चिकट, ओली. मी विचार केला नाही. हातानेच केला. पूर्ण मूठ सोडून मी ती बुडाला दोन बोटांनी धरली, मेलेला उंदीर धरावा तशी. ती निसटली, कठड्याच्या फटीतून गेली आणि खाली तापीत पडली.

"हात घामाने निसटला," मी म्हणालो.

"व्हस तसं," जिभाऊ म्हणाले.

पुढच्या टेबलावर पाण्याच्या पिशव्या होत्या, पण नळी नव्हती. त्यांनी पिशवी फाडून तोंडाला लावली. अर्धं पाणी गळ्यावर सांडलं, अर्धं श्वासनलिकेत गेलं. असा ठसका लागला की ते रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले. पाच-सहा मिनिटं तिथेच गेली. पुढचा प्रत्येक किलोमीटर त्यांनी तोंड मिटायचा प्रयत्न करत, कोरडे पडत पुरा केला. आम्ही पोचलो तेव्हा वेळ नोंदवणारी पट्टी दोन माणसं गुंडाळत होती. सहा तासांवर चार मिनिटं झाली होती. मंचावर तो पिवळा टी-शर्ट दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगात होता आणि टाळ्या चालल्या होत्या. पट्टी गुंडाळणाऱ्यांतला एक पचकन थुंकला. थुंकी जिभाऊंच्या बुटाजवळ पडली. मी त्याच्या अंगावर धावून गेलो, कारण स्वतःच्या अंगावर धावून जाता येत नाही. जिभाऊंनी मला मागे ओढलं. "जाऊ दे भो. दुसरी बाटली लई लिसूत."

त्यानंतर रविवार सुरूच राहिले, नव्या बाटलीने, नव्या चिंधीने. पण दुसरी शर्यत येण्याआधी मालकाने जुने लूम विकले. नव्या यंत्रांना निम्मी माणसंही लागत नव्हती. जिभाऊंनी गावी, शिंदखेड्याकडे परतायचं ठरवलं. निरोप द्यायला नवागामला गेलो तेव्हा सामान टेम्पोत भरलं जात होतं. वहिनी एका पिशवीत चौकोनी चिंध्यांची गठडी ठेवत होत्या. जुन्या लुगड्याच्या, धुतलेल्या, सारख्या घड्या घातलेल्या. मी म्हटलं, "वहिनी, यातली एक मला द्या. आठवण म्हणून. पाणी काय गार राहायचं!"

वहिनींना वाटलं मला ठाऊकच असेल. सहज म्हणाल्या, "पानी गार ऱ्हावासाठे नई ओ भाऊ. तुम्हले किळस येस ना, म्हनीसन बांधतस तुम्हना जिभाऊ. पयलाच रविवारले त्यास्नी मले सांगं, दर शनिवारले सोडा टाकीसन धुई ठेव."

मी बाहेर आलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोटी उजेडात धरल्या, आणि हा माणूस पहिल्याच दिवशी माझी बघून, काही न बोलता, तिच्यावर कापड गुंडाळत आला होता. पुलावर काय झालं तेही त्यांना तेव्हाच कळलं असणार. मला स्वतःची जेवढी घाण वाटली तेवढी त्या शहरातल्या कुठल्याही गटाराची वाटली नव्हती.

जिभाऊ टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मांडीवर बाटली होती, उघडी. नुकतेच प्याले असावेत, नळीच्या टोकाला थेंब होता. मी खिडकीतून हात घालून बाटली घेतली, पूर्ण मुठीने, आणि नळी तोंडात धरली.

जिभाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग उजव्या बाजूने हसले.

"गरम लागी, भो," म्हणाले. "आज चिंधी नई शे ना."

पाणी गरमच होतं. मी ते सगळं प्यालो.