नळीतला निळा रंग

बाळांनो, तुमचे बाबा शाळेत होते तेव्हा एक कंपाउंडर मला रोज सकाळी इन्सुलिन टोचायला येत. काचेची सिरिंज उकळताना ते स्टोव्हशी बोलत, माझ्याशी क्वचितच. लघवी निळ्या औषधात उकळून तेच साखर तपासत. रंग निळाच राहिला तर साखर नाही, विटकरी झाला की साखर भरपूर.

एकदा आदल्या दिवशी लग्नात जिलेबी खाल्ली होती, म्हणून मी लघवीच्या बाटलीत बरंच पाणी मिसळलं. नळी निळीच राहिली. त्यांनी ती पाहिली, बाटलीतली पाण्यासारखी फिकी लघवी पाहिली आणि पिशवीतून दुसरी, विटकरी नळी काढली.

"ही माझी हाय, बाई. डाक्टरास्नी दाखवाया निघालोय. मला न्हाय लाज वाटत. असल्या निळ्यावर डोस कमी झाला, तर तुमीच आडव्या व्हाल की."

मी खरं सांगितलं. पण त्यांनाही मधुमेह आहे का, हे मी चार वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.