विमलकाकूंचं गॅरेज

पहिल्यांदा विमलकाकूंच्या घरी गेलो, तेव्हा दार उघडून त्या म्हणाल्या, "या, आत या. मेन स्ट्रीटवरचं हॉटेल जळालं."

मी घाबरून विचारलं, "कोणी दगावलं का?"

"एक घोडा. चहात साखर किती?"

हॉटेल साठेक वर्षांपूर्वी जळालं होतं. काकूंनी त्या दिवशी ते वाचलं होतं, एवढंच.

पश्चिम टेक्सासमधलं आमचं गाव तेलावर वसलेलं. मी तेल कंपनीत इंजिनिअर. काकूंचे यजमान वानखेडेकाका जनावरांचे डॉक्टर. मराठी माणसं एवढीच. काकू नागपूरच्या, लायब्ररी सायन्स शिकलेल्या. गावच्या साप्ताहिकाच्या कचेरीत जुने अंक सांभाळायच्या.

एकदा मी म्हणालो, "काकू, पेपरवाले काय, काहीही छापतात."

"छापलं म्हणजे तसंच घडलं असं नाही," त्या म्हणाल्या. "पण छापलं, एवढं तरी घडलंच ना? नागपूरला मी आमच्या आजोबांचं नाव शोधलं. गिरणीत जन्म गेला त्यांचा. कुठे एक ओळ नाही. इथे गाढव हरवलं तरी छापायचे."

मग त्यांनी मला ती गाढवाची बातमी दाखवली. गाढव सापडलं होतं.

शहाऐंशी साली तेलाचे भाव कोसळले. तेलविहिरी खोदणाऱ्या रिग थांबल्या, दुकानं मिटली, पाठोपाठ साप्ताहिकही बंद पडलं. मालकाने जुने अंक कचऱ्यात टाकायला सांगितले. काकूंनी ते काकांच्याच गाडीतून खेपा घालून घरी आणले आणि गॅरेज भरून टाकलं.

"आणि माझी गाडी?" काकांनी विचारलं.

"बाहेर पुष्कळ जागा आहे."

पुढच्याच वसंतात लिंबाएवढ्या गारा पडल्या. काका खिडकीत उभे राहून गाडीकडे शेवटपर्यंत बघत होते. मग वळून म्हणाले, "अंक कोरडे आहेत ना?"

गाव सोडून जाणारे लोक गॅरेजमध्ये येऊ लागले. कुणाला आजीच्या लग्नाची बातमी हवी, कुणाला स्वतःचा फुटबॉलच्या टीममधला फोटो. "नो कटिंग," काकू बजावायच्या. "सिट अँड रीड."

एका शनिवारी अर्ल आला. रिगवरची नोकरी गेलेला, चाळिशीचा माणूस. तो तान्हा असताना त्याचे वडील रिगवरून पडून वारले होते. ती बातमी त्याला बघायची होती. काकूंनी काढून दिली. टोप्यांच्या जाहिरातीखाली दोन ओळी.

"दॅट्स ऑल?"

"येस," काकू म्हणाल्या. सांत्वन करणं त्यांना जमत नसे. त्या आत गेल्या आणि दुसरा गठ्ठा घेऊन आल्या. अपघाताच्या आदल्या वर्षीच्या जत्रेत त्याचे वडील गाता गाता स्टेजवरून खाली पडले होते आणि पडल्या पडल्या त्यांनी गाणं पूर्ण केलं होतं. त्यावर अख्खा कॉलम होता, फोटोसकट.

अर्लने उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. मग तो फरशीवर बसला. मांडीवर थापा मारत हसला आणि टोपीने तोंड पुसत बराच वेळ तसाच बसून राहिला.

"हे जास्त चांगलं लिहिलंय," काकू मला हळूच मराठीत म्हणाल्या.

पुढे माझीही नोकरी गेली आणि मी न्यू जर्सीला आलो. दोन वर्षांनी काकांचा फोन आला.

"विमल गेली. परवा. झोपेतच."

मग ते पुढे म्हणाले, "गावात आता पेपर नाही ना. अर्लने हाताने बातमी लिहून पोस्ट ऑफिसच्या दारावर लावली. लोक थांबून वाचतात. सकाळी स्पेलिंग विचारायला घरी आला होता. विमल बरोबर लिहिलं. वानखेडेत एक अक्षर चुकलं. म्हटलं, असू दे."