खाटेजवळची जागा

आमच्या गावचा सरकारी दवाखाना पाडून नवा बांधायचं ठरलं, तेव्हा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. मी असल्या मीटिंगला जात नाही. पुढच्या खुर्च्या ठरलेल्या असतात, मागच्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. पण घरात बायको नसली की माणूस कुठंही जाऊन बसतो. गेलो.

पैसे चाकणकडच्या एका कंपनीचे होते. आर्किटेक्ट म्हणून पुण्याची एक पोरगी आली होती, तिशीतली असेल. तिनं अख्खा दवाखाना पुठ्ठ्याचा करून आणला होता. छप्पर उचललं की आतलं सगळं दिसायचं. खाली तपासणी, बाळंतपणाची खोली, औषधं. वर वॉर्ड, दहा खाटांचा. बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची माणसंही उभी केली होती.

"सांगा, काय काय हवंय तुम्हाला," ती म्हणाली. "दवाखाना तुमचाच आहे."

सरपंच म्हणाला, "मॅडम, पयली कमान पायजे. मोठी. हायवेवरनं दिसली पायजे."

मग बराच वेळ कमानच चालली. दगडी का सिमेंटची, वर हत्ती बसवायचे का सिंह. दवाखान्यावर हत्ती कशाला, हे कुणी विचारलं नाही. माझं लक्ष त्या बारक्या माणसांकडं होतं. दोघं बागेत उभी होती, चारजण खालच्या हॉलमध्ये बाकावर. वर खाटांजवळ कुणीच नव्हतं.

मी उठलो. "पेशंटजवळचं माणूस कुठं बसणार?"

"खाली वेटिंग हॉल आहे ना, काका. पंखे आहेत, टीव्ही आहे."

"पेशंट तर वर हाय."

"हो."

"मग खाली बसून ते काय मालिका बघणार?"

हॉल हसला. मागनं एकजण ओरडला, "आबाला घरी करमंना झालंय राव! एक खाट त्यांच्याच नावावर करा!" आणखी हसले. मीही हसलो असतो, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

माझी बायको गेल्या साली गेली. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात. औषधपाण्यात त्यांनी काही कमी केलं नाही, म्हणून त्यांची बदनामी मी करणार नाही. भेटायची वेळ चार ते सहा. बाकी दिवसभर मी खाली बाकावर बसायचो. एका सकाळी तिला कसंतरी व्हायला लागलं. ती सिस्टरला म्हणाली, आमच्या मालकांना बोलवा. सिस्टर म्हणाली, नाव सांगा आजी, माईकवरनं पुकारते. आमच्याकडच्या त्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. ही म्हणाली, ते खाली बसल्यात. सिस्टर म्हणाली, खाली शंभर जण बसलेत. हिनं पुन्हा तेच सांगितलं. सिस्टर फाईल बघून नाव पुकारणार, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवर धावपळ झाली. मला वर बोलावलं तेव्हा तोंडावर चादर होती.

हे सगळं मला त्या सिस्टरनंच सांगितलं, रडत रडत. तिचा राग मी धरला नाही. राग बायकोचा आला. अगं, मरायच्या टायमाला तरी घ्यायचंस नाव! अजूनही येतो.

तर हॉलमध्ये हसून झाल्यावर आमचे डॉक्टर उठले. सरळ माणूस आहे. म्हणाले, "आबा, नातेवाईक आत आले की डबे येतात, चपला येतात. डब्यांमागं मुंग्या येतात. खाटेखाली अंथरूण टाकतात. ताज्या ऑपरेशनच्या बाईला त्यानं इन्फेक्शन झालं तर जबाबदारी कुणाची?"

खरं होतं. मी पाहिलंय, लोक वॉर्डात कांदा फोडून जेवायला बसतात.

मी म्हटलं, "एकच माणूस. एका खाटेला एक. बसण्यापुरती जागा."

आर्किटेक्ट पोरगी म्हणाली, प्रत्येक खाटेजवळ जागा सोडली तर वॉर्डात आठच खाटा बसतील. तेव्हा आमच्या आळीतली एक सून पदर खोचून उभी राहिली. "आबा, डेंग्यूच्या साथीत माझं पोरगं खाट न्हाई म्हणून खाली सतरंजीवर पडलं व्हतं. येणारेजाणारे ओलांडून जायचे. तुमाला बसायला जागा पायजे, म्हणून कुणाचं पोरगं खाली निजवायचं?"

मी खाली बसलो. मग चहा आला आणि पुन्हा कमान सुरू झाली.

आठवड्याभरानं ती आर्किटेक्ट माझ्या दारात उभी. घर विचारत विचारत आली होती, त्यातच तिला बायकोचं कळलं होतं. म्हणाली, "काका, काकू घरी आजारी होत्या तेव्हा तुम्ही कुठं बसायचात, ते दाखवाल?"

मी म्हटलं, "हे बघायला पुण्याहून आलीस?"

"हो."

दवाखान्यात न्यायच्या आधी पाच-सहा महिने बायको घरीच अंथरुणाला खिळलेली होती. तिची खाट अजून खिडकीजवळच आहे. गादी माझ्या सुनेनं माळ्यावर टाकली, नुसत्या पट्ट्या राहिल्यात. खिडकीची भिंत जाड, जुनी मातीची. तिच्यात बसण्याएवढी बैठक आहे, तिथं मी बसायचो. तिथनं तिच्या तोंडापर्यंत हात पोचायचा, आणि कुणी आत आलं तर उठावं लागायचं नाही.

"बसा ना," ती म्हणाली.

बसलो. समोर रिकामी खाट. पोरीनं टेप काढला. माझ्या गुडघ्यापासून खाटेपर्यंत मोजलं, भिंतीत मी किती आत शिरलोय ते मोजलं. मग म्हणाली, "हात पुढं करा, पाणी पाजताना करायचात तसा." केला. तिनं तेही मोजलं. मी हात मधेच खाली घेतला, तर म्हणाली, घाई नाही. मी म्हटलं, "झालं का मोजून? मग चहा घे आणि जा."

चहा पिताना मी तिला नावाचं सांगितलं. तिच्या बशीतला चहा तसाच राहिला.

पुढच्या मीटिंगला तिनं पुठ्ठ्याचा दवाखाना बदलून आणला. वॉर्डाची बाहेरची भिंत व्हरांड्याकडं थोडी सरकवली होती. प्रत्येक खाटेशी एक खिडकी, खिडकीत एक दगडी कट्टा, एकाच माणसापुरता. खाटा दहाच्या दहा. खर्चाचं कुणीतरी विचारलं तर म्हणाली, कमान काढलीय. सरपंच त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. आळीतली सून मात्र कट्ट्याकडं वाकून बघून म्हणाली, "हे बरं हाय." मला तेवढं पुरलं.

बांधकाम चालू होतं तेव्हा मी रोज चक्कर मारायचो. कट्ट्यांवर काळा दगड बसवला, कडा घासून गोल केल्या. उद्घाटनाला मी गेलो नाही, मांडवात फार गर्दी होती.

नंतर महिन्याभरानं गेलो. दुपारची वेळ. वॉर्डाच्या दारावर नवीकोरी पाटी: नातेवाइकांनी भेटण्याची वेळ सायंकाळी चार ते सहा. मी आत डोकावलो. सगळ्या कट्ट्यांवर खोकी. सलाईनच्या बाटल्यांची, हातमोज्यांची, एकावर घड्या घातलेली ब्लँकेटं.

सिस्टर म्हणाली, "काय आजोबा?"

"हे कट्टे..."

"फार छान दिलेत हो. सामान ठेवायला आमच्याकडं जागाच नव्हती."

बिचारी मनापासून म्हणत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं ते कशासाठी आहेत. आर्किटेक्टनं भिंत सरकवली, पण पाटी तिच्या कागदावर नव्हती. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. जागा झाली की बसू देतील, एवढंच मी धरून चाललो होतो.

सिस्टर खाली गेली. टोकाच्या खाटेवर एक म्हातारी होती, सलाईन चालू, एकटीच. मी तिच्याजवळच्या कट्ट्यावरची दोन खोकी खाली ठेवली आणि बसलो.

ती बघत राहिली. "कोण म्हनायचं तुमी?"

"इथलाच हाय. तुमचं कोण न्हाई का?"

"लेकरू हाय की. कंपनीत गेलंय. आमी लातूरकडचे." मग म्हणाली, "बसा. ही बाटली संपली की सांगा त्यांना. मला मान वळवाया येत न्हाई."

मी बाटलीकडं बघत बसलो. सिस्टर परत आली, मला बघितलं, खोकी बघितली. बाटली संपत आलीय म्हटल्यावर तिनं आधी बाटली बदलली. मग म्हणाली, "आजोबा, वेळ नाहीये ही." पण तिला खालून हाक आली आणि मी राहिलो.

चार वाजता पोरगा आला, कंपनीच्या कपड्यांत, ऑइलचा वास. मला बघून दारातच थबकला. "कोण तुमी? हितं काय करताय?" आधी त्यानं आईच्या कानातलं बघितलं, मग हातातल्या बांगड्या. सगळं जागच्या जागी होतं. मला राग आला नाही. आपणही तेच बघितलं असतं.

"बस," मी म्हटलं आणि सरकलो. कट्टा एकट्याचा, अंग चोरून दोघं बसलो. तो आईच्या पायावर हात ठेवून बसल्या बसल्या झोपला. आई मला हळूच म्हणाली, "उठवू नका. पहाटचा उठलेला हाय."

सहाला वॉचमननं दारावर काठी आपटली. पोरगा दचकून उठला. आम्ही दोघं जिना उतरलो. खाली आल्यावर तो म्हणाला, "आजोबा, उद्यापासनं माझी सेकंड शिफ्ट हाय. चारला याया जमणार न्हाई."

मी वॉचमनला विचारलं, डॉक्टर कधी निघतात.

"कशाला पायजेत?"

"वरच्या पाटीचं बोलायचंय."

"ती काय त्यांच्या हातात हाय व्हय आबा? वरनं आलेला नियम."

"असू दे. कुणाच्या हातात हाय तेवढं तरी सांगतील."

पोरगा गेटाकडं गेला, मग परत आला आणि माझ्या शेजारी बाकावर बसला. टीव्ही चालू होता. आम्ही दोघं डॉक्टरांच्या दाराकडं बघत राहिलो.